गोधडीतला थर्मामीटर

युसूफ वडगाव या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम छबुबाईकडे होतं. शाळा भरायच्या आधी ती यायची, मागच्या पत्र्याच्या शेडात बसून तांदूळ निवडायची, डाळ धुवायची आणि मोठं पातेलं चुलीवर चढवायची. पोरं जेवून उठली की भांडी घासून, शेड झाडून, डोक्यावरचा पदर सारखा करत घरी जायची. कामाला चोख होती, पण बोलायची फार कमी. शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकांना कितीतरी दिवस तिचा आवाजही ठाऊक नसायचा.

वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं. घरात एकटीच. नवरा धुळाजी ऊसतोडीला गेलेला असताना तिकडेच वारला, त्याला बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा युवराज चाकणला एका कारखान्यात लागला होता आणि बायको-लेकराला घेऊन तिकडेच राहत होता.

धुळाजी होता तोवर दोघं दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायची. त्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. धुळाजी गेल्यावर पुढच्या वर्षी ती मुकादमाकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला कोण नेतंय, छबु? तू आता घरीच ऱ्हा." त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. धंद्याची रीतच तशी होती. पण तेव्हापासून तिने ऊसतोडीचं नाव घेतलं नाही. शाळेतलं हे काम मिळालं आणि ती गावातच राहिली.

दिवाळीनंतर तिची गल्ली रिकामी व्हायची. शेजारची वनमाला, तिचा नवरा, समोरचे दोघे भाऊ, सगळे ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं भरून निघून जायचे. दारांना कुलपं लागायची. मागे राहायची ती उठता-बसता न येणारी म्हातारी माणसं आणि छबुबाई. संध्याकाळी घरी आल्यावर ती भाकरी करायची, खायची, ताट धुवायची आणि मग उगाच इकडचं डबडं तिकडे ठेवत बसायची. युवराजने टीव्ही घेऊन दिला होता. पण त्यातली माणसं सारखी भांडत असल्यासारखी वाटतात म्हणून ती तो लावायची नाही. कधी कधी दिवसभरात आपण एक शब्दसुद्धा बोललो नाही हे तिच्या ध्यानात यायचं. मग ती दारातल्या शेळीला काहीतरी म्हणायची.

त्या वर्षी शाळेत विज्ञान शिकवायला मनिषा मॅडम आल्या. तिशीतल्या, जालन्याकडच्या. नवरा नाशिकला नोकरीला. बाजाराच्या रस्त्याला एक खोली घेऊन त्या एकट्याच राहत होत्या. एके सकाळी त्या शेडाच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एक तांब्याभर कढत पाणी मिळेल का? वर्गात पाहिजे."

छबुबाईने पाणी उकळलं आणि तांब्या फडक्यात धरून स्वतःच आठवीच्या वर्गात घेऊन गेली. दिवाळीनंतरचे दिवस होते, त्यामुळे अर्धे बाक रिकामे होते. मॅडमनी टेबलावर काचेचे दोन ग्लास ठेवले होते. एकात माठातलं गार पाणी होतं. दुसऱ्यात त्यांनी हे कढत पाणी ओतलं आणि दोन्हींत निळ्या शाईचा एक एक थेंब टाकला.

गार पाण्यातला थेंब धाग्यासारखा लोंबत खाली गेला आणि तळाशी रेंगाळला. कढत पाण्यातला पापणी लवते न लवते तोच पसरला आणि सगळा ग्लास निळा झाला.

"कुणी ढवळलं का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," पोरं म्हणाली.

"मग शाई पसरली कशी? पाणी बारीक बारीक कणांचं बनलंय. डोळ्यांनी दिसणार नाहीत इतके बारीक. ते एका जागी थांबत नाहीत, सारखे पळत असतात, एकमेकांना धडकतात. कढत पाण्यात जोरात पळतात, गार पाण्यात हळू. हालणाऱ्या वस्तूत हालण्याची म्हणून एक ऊर्जा असते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. सगळ्या कणांच्या त्या ऊर्जेची सरासरी किती आहे, हे आपल्याला तापमान सांगतं. गार म्हणून वेगळी काही वस्तू नसते. हालचाल कमी झाली की आपण त्याला गार म्हणतो."

"बर्फातबी हालतेत का?" एका पोरीने विचारलं.

"बर्फातसुद्धा. जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी थरथरत असतात."

छबुबाई रिकामा तांब्या हातात धरून दारातच उभी राहिली होती. घंटा झाली तेव्हा तिला भान आलं. त्या दिवशी खिचडी खाली लागली. पोरांनी तोंडं वाकडी केली, मुख्याध्यापकांनीही दोन शब्द सुनावले.

त्यानंतर बरेच दिवस ती मॅडमच्या आसपास घोटाळत राहिली. त्यांचा डबा गरम करून द्यायची, त्यांच्या टेबलावर पाणी ठेवून यायची, काही बोलेल असं वाटायचं आणि परत फिरायची. थंडी वाढली होती. एका दुपारी मॅडम व्हरांड्यात उन्हाला एकट्याच डबा खात बसल्या होत्या. छबुबाई येऊन खांबाशी टेकली.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा की."

"गोधडीतले कण लई पळत आसतील न्हाई का? ऊब आसती न् तिच्यात."

मॅडम हसल्या. "नाही मावशी. गोधडीत स्वतःची ऊब नसते."

"आसं कसं? थंडीत अंगावर घेतली की गरम व्हतंच की."

"ती ऊब आपल्या अंगाची असते. आपण खातो त्याचं अंगात जळण होतं, त्यातून ती तयार होते. गोधडी तेवढी तिला बाहेर जाऊ देत नाही. आत काही नसेल तर गोधडी पण खोलीतल्या भिंतीइतकीच गार."

छबुबाईला ते पटलं नाही. "मी रोज हात लावती मॅडम. पातेलं गार लागतंय, गोधडी न्हाई लागत."

"पातेलं आपल्या हातातली ऊब झटकन ओढून घेतं, म्हणून ते गार लागतं. कापडाला ती तशी ओढता येत नाही. पण दोन्ही एकाच खोलीत पडून असतील तर दोन्हींचं तापमान एकच."

छबुबाई मान हलवत राहिली. चेहऱ्यावरून ती वाद घालत नव्हती, काहीतरी मागत होती. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "रविवारी मी मोकळीच असते. थर्मामीटर घेऊन येते तुमच्या घरी. आपण बघूनच टाकू."

रविवारी दुपारी त्या खरंच आल्या. छबुबाईने सकाळीच अंगण सारवून ठेवलं होतं. तिच्या घरी कुणी मुद्दाम म्हणून येण्याला किती काळ लोटला होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची एक जाड गोधडी काढून आणली. कडा विटल्या होत्या, टाके मात्र पक्के होते. मॅडमनी पर्समधून लाल रेघेचे दोन थर्मामीटर काढले. एक लोखंडी पेटीवर ठेवला. दुसरा गोधडीच्या मधोमध ठेवून तिची गुंडाळी केली आणि ती त्याच पेटीशेजारी ठेवली.

"आता थोडं थांबू."

छबुबाईने चहा टाकला, कांदा चिरून मुरमुऱ्यात कालवला. चहा पिताना मॅडम त्यांच्या खोलीबद्दल बोलल्या, नळाला पाणी एक दिवसाआड येतं ते सांगितलं, नवऱ्याला रजा मिळत नाही म्हणून दिवाळीही दोन दिवसांचीच झाली ते सांगितलं. छबुबाई ऐकत होती, पण नजर गुंडाळीवर होती.

मग मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच उघडा."

छबुबाईने गोधडी हलक्या हाताने उलगडली. मॅडमनी दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी धरले. छबुबाई चौथीपर्यंत शिकलेली होती, आकडे तिला वाचता यायचे. पण आकडे वाचायची गरजच नव्हती. दोन्ही लाल रेघा एकाच उंचीवर होत्या.

ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने गोधडी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवायला लागली.

"मॅडम, मालकाच्या अंगावर मी हीच घातली व्हती," ती म्हणाली.

मॅडमनी थर्मामीटर खाली ठेवले.

"आमी कृष्णेकडं तोडीला गेलतो. उसाच्या पाचटाची कोपी, दोन माणसं निजतील एवढी. थंडी आशी व्हती की कोयत्याला हात लागना. पहाटं मी उठले सैपाकाला. त्यांच्या हाताला माझा हात लागला तं हात गार. मला वाटलं, गारठलेत. माझ्या अंगावरची गोधडी काढून त्यांच्या गोधडीवर घातली, न्हीट खोवली चारी बाजूनं. म्हणलं निजू द्या जरा. बाहेर चूल पेटवली, भाकरी केल्या. उठवाया गेले तं..." ती थांबली. "गोधडीत ऊब आली नव्हती मॅडम. मी आत हात घालून बघितला. एवढी जाड गोधडी, तरी का म्हून गरम झाले न्हाईत, हे मला आजपतूर कळलं न्हाई. सारखं वाटतंय, आदीच घातली आसती तं. आर्ध्या रात्री घातली आसती तं."

मॅडम मुलांना शिकवायच्या तेव्हा त्यांना शब्द शोधावे लागत नसत. आता त्या एकेक शब्द जपून बोलल्या.

"मावशी, मी डॉक्टर नाही. पण एवढं सांगते. माणूस जिवंत आहे तोवर अंग ऊब तयार करतं. ते थांबलं की मग अंगातली ऊब हळूहळू बाहेर जाते आणि अंग भोवतालच्या हवेइतकं व्हायला लागतं. त्याला वेळ लागतो. तुम्हाला हात गार लागला आणि पुढे गोधडीत ऊब धरली नाही, म्हणजे ते बऱ्याच आधी गेले असावेत. तुम्ही उठायच्या कितीतरी आधी. आतून ऊब येत नसेल तर एक गोधडी घाला नाहीतर दहा घाला, काही होत नाही. आणि जाणाऱ्याला गोधडी अडवत पण नाही. आधी घातली असती तरी ते गेलेच असते."

"आदी घातली आसती तरी," छबुबाई म्हणाली.

"तरी."

बाहेर शेळी ओरडली. छबुबाई उठली नाही.

"मंग त्यांच्या अंगातलं समदं थांबलं व्हतं का? ते कण?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते कधीच पूर्ण थांबत नाहीत. हळू होतात एवढंच. भोवतालच्या वस्तूंचे जितके हालतात तितकेच. कोपीचं पाचट, जमीन, तुमच्या भाकरीचं पीठ, त्यांच्याइतकेच. पण जीव म्हणजे ती हालचाल नव्हे मावशी. जिवाचं काय होतं ते मला सांगता येत नाही. ते आमच्या पुस्तकात नाही."

छबुबाईने मान हलवली. तिला ते उत्तर खोटं वाटलं नाही. मॅडम गेल्यावर तिने गोधडी घडी करून पेटीवर ठेवली आणि दिवेलागण झाली तरी दिवा न लावता बसून राहिली.

आता हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. दोन-तीन दिवस वाटलंही. भांडी घासताना तिने एकदा ओव्या गुणगुणल्या, तेव्हा शेडाशी आलेल्या पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. पण मग एक विचित्रच गोष्ट झाली. संध्याकाळी घरी आल्यावर तिला काहीतरी हरवल्यासारखं व्हायला लागलं. इतकी वर्षं ती भाकरी थापताना, झाडताना, निजताना मनातल्या मनात धुळाजीशी त्या एका पहाटेवरून बोलत आली होती. माफी मागायची, कारणं सांगायची, रागवायची. आता मागायला माफी उरली नव्हती. माफी गेली आणि तिच्याबरोबर ते बोलणंही बंद पडलं. घर आधीपेक्षा जास्त रिकामं झालं.

मग तिला युवराजची आठवण झाली. धुळाजी गेला तेव्हा युवराज गावात आजीजवळ शिकायला होता. अग्नी तिकडेच नदीकाठी दिला गेला. पोराला दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाडीत घालून आणलं. राखेपाशी उभं राहून तो एकच वाक्य बोलला होता: "माय, बाजूला निजली व्हतीस न् तू? तरी तुला कळलं न्हाई?" त्याला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. ते वाक्य दोघांच्या मध्ये कायमचं बसलं, असं छबुबाईने धरून ठेवलं होतं. तो गावी कमी येतो ते त्यामुळे, फोनवर दोनच मिनिटं बोलतो तेही त्यामुळे, असं ती समजून चालली होती.

तिने युवराजला फोन लावला. एरवी तोच ठरलेल्या वारी लावायचा, म्हणून तो घाबरला.

"काय झालं माय? बरं हाय ना?"

"बरं हाय. तुला एक सांगायचं व्हतं." तिने कण, गोधडी, थर्मामीटर सगळं आपल्याला जमेल तसं सांगितलं. बोलणं पुढे-मागे झालं, पण शेवटी ती मुद्द्यावर आली. "त्ये आदीच गेले व्हते. मला कळायच्या आदी. मॅडमनी सांगितलं. तू तवा इचारलं व्हतंस न्, तुला कळलं न्हाई का म्हणून. त्याचं उत्तर हे हाय."

पलीकडे कारखान्याच्या गेटवरचा गलका ऐकू येत होता.

"मी आसं इचारलं व्हतं?"

"व्हय. राखेपाशी."

"मला न्हाई आठवत माय," तो म्हणाला. "खरंच न्हाई आठवत. मला तिथलं फक्त एक आठवतंय, कुणीतरी मला बिस्किटाचा पुडा दिलता आन् मी तो समदा खाल्ला. आण्णा गेले आन् मी बिस्किटं खातोय, येवढंच. त्याचीच लाज वाटती मला."

छबुबाईला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर म्हणेल की माझं चुकलं. त्याला आठवतच नव्हतं. जी गोष्ट दोघांची म्हणून ती इतकी वर्षं सांभाळत आली, ती तिची एकटीचीच होती. आणि त्याची बिस्किटाची गोष्ट त्याने एकट्यानेच सांभाळली होती.

"भूक लागली आसंल तुला," ती शेवटी म्हणाली. "आदल्या दिसापासून पोटात काय व्हतं तुझ्या."

"हां," युवराज म्हणाला. मग कारखान्यातली पाळी सुरू होतेय म्हणून त्याने फोन ठेवला.

फाल्गुनात तोडीवाले परत आले. गल्लीत कोंबड्या फिरायला लागल्या, वनमालाच्या दारात पुन्हा भांडणं आणि हसणं सुरू झालं. मनिषा मॅडमची बदली नाशिकच्या बाजूला झाली. कधीपासून मागत होत्या, ती मिळाली. जायच्या आदल्या दिवशी त्या शेडात आल्या, छबुबाईजवळ पाटावर बसल्या. दोघींनी मिळून लसूण सोलला. विशेष असं काही बोलणं झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याजवळ जातेय, तर आता इथली खोली आठवेल बघा." छबुबाई म्हणाली, "जावा. माणसानं माणसाजवळ ऱ्हावं." मॅडमनी तिचा फोन नंबर घेतला. एक-दोनदा फोन आलाही.

सुट्टीत शाळा बंद झाली आणि स्वयंपाकही. उन्हाने पत्रे तापत होते. दिवसभर गल्लीत कुणी बाहेर पडत नव्हतं, त्यामुळे माणसं परत येऊनही दुपारी सगळं पूर्वीसारखंच सुनं असायचं. अशाच एका उतरत्या दुपारी युवराजचा फोन आला. वार फोनचा नव्हता.

"माय, जेवलीस?"

"जेवले."

तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "आण्णा आदल्या दिवशी काय बोलले व्हते गं? निजायच्या आदी."

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. छबुबाई उंबऱ्यात बसली, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येगळं काय न्हाई बोलले. बैलाच्या खुराला लागलं व्हतं, त्येचंच चाललं व्हतं. म्हणले, उद्या ह्याला उसाच्या गाडीला जुपायचा न्हाई, मी मुकादमाला सांगतो. मंग म्हणले, इथं पाणी गोड हाय, आपल्याकडं आसं न्हाई. मंग तुझं काढलं. म्हणले, युवराज गणितात पास झाला का कुणास ठावं. मी म्हणले व्हईल. मंग ते हासले, म्हणले माझ्यावर गेला आसंल तं न्हाई व्हायचा..."

ती सांगत गेली. शेकायला पेटवलेल्या आगटीभोवती कोण बसलं होतं, धुळाजीने तंबाखू कुणाकडून मागून घेतली, कुठल्या कोपीत लेकरू रडत होतं, हे सगळं तिला आठवत होतं. त्या पहाटेच्या अलीकडे एक पूर्ण संध्याकाळ होती आणि तिच्याकडे आजवर तिने वळून पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की पलीकडून हुंकार येत नाहीये. तिने फोन कानापासून काढून पाहिला. तो मघाशीच कट झाला होता. आपण किती बोललो आणि त्याने त्यातलं किती ऐकलं, हे तिला कळेना.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"रेंज गेलती माय. आता बस आली कंपनीची. बाकीचं उद्या सांग."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळभर फोन जवळ घेऊन बसली. युवराजचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला.